आहेराची वही आणि व्हिसाची फाईल

भाचीच्या सासूबाईंनी कपाटातून आहेराची वही काढली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली. शंभर पानी, लाल पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर 'श्री' आणि हळदकुंकवाचं बोट. आत तिच्या चुलत सासऱ्यांच्या अक्षरात नाव, गाव, रक्कम, वस्तू असे रकाने आखलेले, आणि तीनशेच्या वर नोंदी. तासगाव, १०१. मिरज, स्टीलचा डबा. एका ओळीपुढे बारीक अक्षरात लिहिलेलं, 'येता आलं नाही, मुलाकरवी पाठवले.'

"लग्न खरं झालंय का म्हणून विचारतायत ना? मग हे द्या की," सासूबाई म्हणाल्या.

मी भाषांतराची कामं करते. गेल्या पंधराएक वर्षांत परदेशी जाणाऱ्या मुलींच्या फायलींसाठी लग्नपत्रिका, दाखले, प्रतिज्ञापत्रं मराठीतून इंग्रजीत नेली आहेत. त्या सवयीने मी चटकन म्हणाले, "नाही हो, असलं काही लागत नाही त्यांना." रात्री मात्र झोप लागेना. का लागत नाही? तीनशे घरांनी आपापल्या हाताने नोंदवलेली साक्ष पुरावा ठरत नाही, आणि दोघांच्या नावाचं वीजबिल पुरावा ठरतं, हे कोणी आणि कशावरून ठरवलं?

भाचीचं प्रकरण अगदी साधं आहे. नवरा मूळचा सांगलीचा, कॅलिफोर्नियात नोकरीला, अमेरिकेचा नागरिक झालेला. स्थळ ओळखीतून आलं, चार महिने फोनवर बोलणं झालं, एकदा प्रत्यक्ष भेट झाली, मग याद्या आणि लग्न. तीन आठवड्यांनी तो परत गेला. ती सासरी सांगलीत राहते आणि शाळेत शिकवते. त्याने तिच्यासाठी अर्ज दाखल केला आहे आणि आता दोघांनी आपलं लग्न खरं असल्याचं दाखवायचं आहे. दाखवण्याची जबाबदारी त्यांची. सरकारने ते खोटं असल्याचं सिद्ध करायचं, अशी तिथली रीत नाही.

अमेरिकेच्या नियमावलीत अशा पुराव्यांची यादी दिली आहे. दोघांच्या नावावरची मालमत्ता, दोघांच्या नावाचा भाडेकरार, एकत्र केलेले पैसे, मुलांचे जन्मदाखले, लग्नाची माहिती असलेल्या लोकांची प्रतिज्ञापत्रं, आणि याशिवाय जे काही असेल ते. ऑस्ट्रेलियाने तर संसाराचे चार भाग पाडले आहेत : आर्थिक व्यवहार, घराची मांडणी, समाजातली ओळख आणि एकमेकांशी बांधिलकी. घरकाम कसं वाटून घेता हेसुद्धा तिथे विचारात घेतात. या याद्या दुष्टपणाने केलेल्या नाहीत. ज्यांनी त्या केल्या, त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांच्या ओळखीचं लग्न होतं. दोन माणसं आधी भेटतात, एकत्र राहू लागतात, घर भाड्याने घेतात, बँकेत खातं उघडतात. अशा संसाराचा कागद आपोआप तयार होत जातो.

आता सांगलीतलं हे घर बघा. घर आजेसासऱ्यांच्या नावावर. वीजबिल सासऱ्यांच्या नावावर. मुलगा दर महिन्याला पैसे पाठवतो ते वडिलांच्या खात्यात, कारण लग्नाआधीही ते तिथेच जात होते आणि घरखर्च तिथूनच चालतो. भाचीचा पगार तिच्या माहेरी असताना उघडलेल्या खात्यात जमा होतो, कारण शाळेने तेच मागितलं होतं. कागदावर पाहिलं तर या नवराबायकोमध्ये एका रुपयाचाही व्यवहार नाही. आणि भाडेकरार दोघांच्या नावाचा का नाही, तर दोघं एका घरात राहूच शकत नाहीत म्हणून. त्यासाठीच तर अर्ज केला आहे. सहवासाची परवानगी मागायला आलेल्यांकडेच सहवासाचा पुरावा मागायचा, ही गाठ या साऱ्या पद्धतीच्या मुळाशी आहे आणि ती सोडवल्याशिवाय बाकीचं बोलणं अपुरं राहतं.

माझ्या कामातल्याही अडचणी याच जातीच्या. पत्रिकेवर 'चि. सौ. कां.' च्या पुढे मुलीचं घरातलं नाव असतं, पासपोर्टवर कागदोपत्रीचं. लग्नात तांदळावर तिसरंच नाव लिहिलं जातं, आणि हौसेने तेच नाव कोणी प्रतिज्ञापत्रात वापरलं तर परक्या वाचकाला या तीन वेगळ्या बायका वाटतात. मधलं नाव काल वडिलांचं होतं, आज नवऱ्याचं. पत्रिकेच्या तळाशी 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' असं लहान मुलांच्या नावाने छापलेलं असतं, त्याचं भाषांतर करताना मी नेहमी थांबते. ती ओळ काय सांगते? या लग्नाची वाट बघणारी मुलंसुद्धा या घरात आहेत, हे सांगते. फाईलमध्ये तिला काहीच किंमत नाही.

आणि जे किमतीचं आहे ते कागदावर उतरत नाही. भाची रोज सकाळी सातला नवऱ्याशी बोलते. तिथे आदल्या दिवशीची संध्याकाळ असते. ती सासऱ्यांचा डबा करत असते, तो रात्रीचा स्वयंपाक. फोन मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. एक दिवस मी तिथेच बसले होते. "आता गूळ घाल. अरे, एवढा नको." मग बराच वेळ दोघंही गप्प. हिच्याकडे पोळ्या फुगतायत, त्याच्याकडे आमटीला उकळी येतेय. मध्येच तो म्हणाला, "बाबांचा गुडघा कसा आहे?" ती म्हणाली, "काल जिना चढले." फाईलमध्ये याची नोंद काय? 'व्हिडिओ कॉल, ४७ मिनिटे.' माझ्या मते त्या ४७ मिनिटांमध्ये जे होतं, त्याच्यापेक्षा भक्कम पुरावा कोणत्याही नवराबायकोकडे नसेल.

आपल्याकडच्या लग्नांकडे संशयाने पाहण्याला इतिहास आहे. १९७९ च्या जानेवारीत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्यचाचणी केली गेली. ती खरोखरच अविवाहित वाग्दत्त वधू आहे का, हे 'तपासण्यासाठी'. बातमी फुटल्यावर गदारोळ झाला आणि ती प्रथा थांबवावी लागली. पण १९८० मध्ये ब्रिटनने वेगळा नियम आणला. लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये स्थायिक होणं हा आहे असं वाटलं, तर अर्ज नाकारायचा; पुढे तर तसा हेतू नव्हता, हे अर्जदारानेच सिद्ध करायचं असं ठरलं. सुरुवातीला तो नवऱ्यांना आणि होणाऱ्या नवऱ्यांना लागू होता. बायकांना एक नियम आणि नवऱ्यांना दुसरा, हा भेदभाव आहे असा निकाल युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने १९८५ मध्ये दिला, तेव्हा सरकारने नवऱ्यांवरची अट सैल करण्याऐवजी तीच अट बायकांनाही लावली. नवं सरकार आल्यावर १९९७ च्या जूनमध्ये तो नियम रद्द झाला. तोवर वर्षानुवर्षं, नसलेल्या हेतूचा पुरावा द्या, असं नवविवाहितांना सांगितलं जात होतं.

कॅनडात ३० सप्टेंबर २०१० रोजी नियमातला एक शब्द बदलला. आधी लग्न खोटं असेल 'आणि' ते मुख्यतः कॅनडात शिरण्यासाठी केलेलं असेल, तर अर्ज नाकारत. आता 'आणि'च्या जागी 'किंवा' आहे. म्हणजे आज संसार खरा असला तरी लग्नाच्या वेळचा हेतू चुकीचा वाटला, तर दार बंद होऊ शकतं.

हा हेतूचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तिथे आपल्या ठरवून केलेल्या लग्नांचा स्वभावच समजून घेतलेला नाही. स्थळ पाहताना आपण उघडपणे काय विचारतो? नोकरी, पगार, स्वतःचं घर, घरात माणसं किती, गाव कोणतं. 'पुण्यात स्वतःचा फ्लॅट हवा' असं म्हणणाऱ्या मुलीने फ्लॅटसाठी खोटं लग्न केलं, असं कोणी म्हणत नाही. 'परदेशात नोकरी' ही त्याच यादीतली एक ओळ आहे. जगण्याच्या सोयीचा विचार करून जोडीदार निवडणं आणि जोडीदार असल्याचं सोंग आणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत आणि त्यातून चांगले संसार उभे राहिले आहेत. दुसरी फसवणूक आहे.

आणि ती फसवणूक होते, हे मी नाकारत नाही. पैसे घेऊन लग्न लावणारे आहेत. त्याहून वाईट म्हणजे मुलीला इथे फसवून, हुंडा घेऊन, तिथे आधीच संसार असलेले नवरे आहेत. असल्या दोन मुलींचे कागद मी भाषांतरित केले आहेत आणि त्या कामाचे पैसे घेताना हात थरथरला होता. कोणत्याही देशाने आपल्या दारात कोण येतं हे तपासावं. कधीकधी मुलाखतीच्या खिडकीपाशी मुलगी एकटी उभी असते आणि तिला तिच्या लग्नाबद्दल स्वतंत्रपणे विचारणारा तो पहिलाच माणूस असतो. तो प्रश्न नीट विचारला, तर तिच्या भल्याचाच आहे.

पण तपासणीचं ओझं कोणावर पडतं ते बघा. अमेरिकेने १९८६ मध्ये कायदा करून ठरवलं की लग्नाला दोन वर्षं झालेली नसताना आलेल्या जोडीदाराला आधी सशर्त वास्तव्य मिळेल. दोन वर्षं संपता संपता दोघांनी मिळून अर्ज करून अटी काढून घ्यायच्या. 'दोघांनी मिळून' यातली मेख ज्याला कळली त्याला सगळं कळलं. नवरा हात उगारत असेल, तर बायकोच्या वास्तव्याची किल्ली त्याच्याच हातात राहते. छळ सोसणाऱ्यांना एकट्याने अर्ज करण्याची सोय पुढे झाली, पण ती सोय आहे हे परक्या गावात नव्याने आलेल्या मुलीला सांगणार कोण? कॅनडाने २०१२ मध्ये अशीच दोन वर्षांची अट आणली आणि २०१७ मध्ये मागे घेतली. अत्याचार सहन करत राहण्याची भीती त्या अटीमुळे वाढते, हे त्यांनी मान्य केलं. हा शहाणपणा इतरांनीही घ्यावा.

तपासायचं असेल तर नेमकं काय तपासावं, याचं उत्तर अमेरिकेतल्याच एका न्यायालयाने १९७५ मध्ये देऊन ठेवलं आहे. बार्क नावाच्या खटल्यात लग्नानंतर काही काळाने वेगळं राहू लागलेल्या जोडप्याचा प्रश्न होता. न्यायालय म्हणालं, लग्न करताना दोघांनी एकत्र आयुष्य काढायचं ठरवलं होतं का, एवढंच पाहायचं. परक्या माणसाचा संसार देशातल्या नागरिकांच्या संसारापेक्षा अधिक रूढ किंवा अधिक यशस्वी असावा, अशी सक्ती त्याच्यावर करता येत नाही. मला या निकालाचा फार आधार वाटतो. कागदांची जाडी आणि एकत्र जगण्याचा निश्चय यांचा परस्परांशी फारसा संबंध नाही. ज्याच्याकडे पैसा आहे, चांगला वकील आहे, तो चारशे पानांची फाईल करतो. खोटं लग्न करणारा तर हमखास करतो, कारण त्याला फाईलच करायची असते. पातळ फाईल बहुतेक वेळा साध्या माणसाची असते. अधिकाऱ्याने दोघांना वेगवेगळं बसवून, त्यांच्या भाषेत, सलग वीस मिनिटं त्यांची हकिगत ऐकावी. लग्न कसं जमलं, पहिलं भांडण कशावरून झालं, सासूला कोणतं औषध चालू आहे. आणि ठरवून केलेल्या लग्नात दोघांची ओळख लग्नानंतरच वाढते, हे आधीच माहीत असलेल्या अधिकाऱ्याने ते ऐकावं. एवढी मागणी मला रास्त वाटते, विशेषतः नकार मिळाल्यावर दाद मागायला फारशी जागा नसताना. जोडीदाराला देशात आणण्याचा मूलभूत घटनात्मक हक्क नागरिकाला नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या जूनमध्ये सांगून टाकलं आहे.

हे झालं त्यांचं. आपल्या घरातलं काय?

भाची एका सल्लागाराकडे गेली होती. त्याने सांगितलं, एका दिवसात तीन ठिकाणी जा, तीन साड्या बदला, फोटो वेगवेगळ्या तारखांचे वाटले पाहिजेत. गप्पा कोरड्या वाटतात, आता रोज चार प्रेमाचे मेसेज टाकत जा. नवऱ्याला सांगा, दर महिन्याला तुमच्या खात्यात पैसे टाका आणि लगेच तुम्ही ते सासऱ्यांकडे वळवा. भाची घरी आली ती रडवेली. म्हणाली, "मावशी, मी त्याला खरं काय लिहीन ते आता मलाच कळेना. प्रत्येक ओळ लिहिताना वाटतं, हे कोणीतरी तिसरं माणूस वाचणार आहे."

हे नुकसान कुठेच मोजलं जात नाही. लग्नाचं पहिलं वर्ष, ज्यात दोन अनोळखी माणसं एकमेकांना सापडायची असतात, ते वर्ष तिसऱ्या माणसाला दाखवण्यासाठी जगलं जातं. शिवाय सल्लागाराचा सल्ला धोक्याचाही आहे. अमेरिकेत कायदा चुकवण्यासाठी केलेल्या लग्नाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे, आणि लग्नाबाबत फसवणुकीचा ठपका बसला तर पुढे कोणताच नातेवाईक त्या माणसासाठी अर्ज करून यशस्वी होत नाही. खऱ्या लग्नाच्या फाईलमध्ये साड्या बदलून काढलेले खोटे फोटो सापडले, तर खऱ्याचंही खोटं व्हायला वेळ लागणार नाही. घरखर्चाची रीत दोघांना खरंच बदलायची असेल तर जरूर बदलावी. पण फिरवून आणलेले पैसे ही रीत नव्हे.

दुसरी चूक याहून मोठी, आणि ती चांगली चांगली घरं करतात. साखरपुडा झाला की म्हणायचं, "व्हिसाला वेळ लागतो, आधी रजिस्टर करून टाकू, विधी डिसेंबरमध्ये." महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली नोंदणी करताना नमुना 'ड' भरतात, त्यावर तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे गुरुजी यांच्याही सह्या लागतात. म्हणजे लग्न झालं, असं इतकी माणसं लिहून देतात. आणि लग्न तर झालेलंच नसतं. १९ एप्रिल २०२४ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने नेमका यावरच निकाल दिला. दोन वैमानिकांचा खटला होता, त्यांनी आधी प्रमाणपत्र घेतलं होतं आणि समारंभ पुढे ठरवला होता. न्यायालयाने सांगितलं की हिंदू विवाह कायद्याखाली विधी झालेच नसतील, तर नोंदणीच्या कागदाने लग्न होत नाही. परदेशी व्हिसाचा अर्ज लवकर करता यावा म्हणून आईवडील अशा नोंदणीला तयार होतात, याचा उल्लेख निकालात स्पष्ट आहे आणि तो नापसंतीने केला आहे.

विशेष विवाह कायद्याने लग्न केलं तर गोष्ट वेगळी. तिथे तीस दिवसांची नोटीस, मग विवाह अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदारांच्या सह्या, आणि त्या दिवसापासून तुम्ही नवराबायको. पण मग डिसेंबरची वाट का पाहायची? मधल्या काळात जुळलं नाही तर एरवी जो मोडलेला साखरपुडा ठरला असता, तो आता घटस्फोट होतो. एक वर्ष व्हायच्या आत सहसा अर्जही करता येत नाही. लग्नाच्या मांडवात न बसलेली मुलगी घटस्फोटित म्हणवून घेते, आणि ते लेबल कोणाला चिकटतं हे मी सांगायला नको. व्हिसाचे सहा महिने वाचवण्यासाठी आपण मुलीच्या आयुष्यातली किती वर्षं पणाला लावतो? आईवडिलांना माझं हात जोडून सांगणं आहे, हे करू नका. लग्न ज्या दिवशी लागेल, त्याच दिवसाची नोंद करा.

भाचीची फाईल आम्ही शेवटी तिच्याच पद्धतीने केली. चौदाशे फोटोंमधून अठरा निवडले. सजलेले कमी, गर्दीचे जास्त. अंतरपाट धरलेले मामा, सप्तपदी, पंगतीत वाढणारे तिचे दीर. प्रत्येकामागे कोण कोणाचं कोण, हे पेन्सिलने लिहिलं. फोनच्या नोंदी जशा होत्या तशा, एकही न गाळता. नावांच्या गोंधळावर एक पान. भाचीचं स्वतःचं निवेदन दीड पानाचं, आधी मराठीत लिहिलेलं. त्यात ती स्वच्छ म्हणते की मला आईने स्थळ दाखवलं, पहिल्या फोनला काय बोलावं सुचलं नव्हतं, आणि तो अबोल आहे हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं. आहेराच्या वहीची पहिली चार पानंही मी भाषांतर करून जोडली, 'मुलाकरवी पाठवले' या ओळीसकट.

प्रतिज्ञापत्रासाठी भाचीने समोरच्या काकूंना विचारलं. काय लिहायचं म्हणून त्या आधी घाबरल्या. मी म्हणाले, जे रोज दिसतं तेच सांगा. त्यांनी सांगितलं, मी लिहून घेतलं आणि इंग्रजीत नेलं : "आमची दोन्ही स्वयंपाकघरं समोरासमोर आहेत. रोज सकाळी सातला ती फोनवर त्याला स्वयंपाक शिकवते. मला सगळं ऐकू येतं. परवा त्याची खिचडी लागली, तेव्हा ती इथे गॅस बंद करायला धावली."